दोन नंबरच्या रोलरपायी

सोमवार, ४ मार्च

आक्काचा हात रोलरमध्ये गेला. उजवा.

लिहायचं नव्हतं. पण डोळे मिटले की चादर दिसते — आत आत जाणारी. दोन नंबरच्या रोलरवर आम्ही दोघी. ती उजवं टोक धरते, मी डावं. ओली चादर ताणायची, पुढे सरकवायची, गरम रोलर ती ओढून घेतो, पलीकडे कोरडी निघते. आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी, दिवसभर. आज एकीला चुणी पडली. ती सरळ करायला आक्कानं बोटं पुढे नेली. ओरडली नाही. "अगं —" एवढंच म्हणाली. मला वाटलं, काही सांगायचंय.

रोलरच्या तोंडाशी एक दांडा असतो. त्याला हात लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. आमचा दांडा तारेनं वर बांधलेला आहे. सुपरवायझरनं बांधला. हा माणूस कुणाला नावानं हाक मारत नाही, शिट्टी वाजवतो, म्हणून आम्ही त्याला शिट्टीच म्हणतो. दांडा उगाचच मशीन थांबवायचा, काम तुंबायचं, घरी जायला उशीर व्हायचा. बांधला तेव्हा आम्हालाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू!

बटण मी दाबलं. ते पार भिंतीवर आहे. धावत जावं लागतं.

मंगळवार, ५ मार्च

बोर्डावर नोटीस. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेला अपघात.' खाली सूचना — रोलरजवळ हात नेऊ नयेत. मग चादर काय दातांनी सरकवायची?

रोलर पुसून पुन्हा सुरू. आक्काच्या जागी घडीवाल्या टेबलावरची एक पोरगी. मेलेला उंदीर धरावा तशी चादर धरते.

गुरुवार, ७ मार्च

आक्काला बघायला गेले. हात बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला, पाहुण्यासारखा. तीन बोटं गेली. डॉक्टर म्हणतात, अंगठा वाचला हे नशीब.

आक्का म्हणाली, "ही चादर बघ. आपलीच आहे. कोपरा दुमडलाय. कुणी सोडली अशी?"

मी म्हटलं, नवी पोरगी आहे, चादर मेलेल्या उंदरासारखी धरते.

"तिला सांग, ओली असतानाच झटकायची." मग भिंतीकडे तोंड करून रडली. मी कोपरा सरळ करत बसले.

रविवार, १० मार्च

काटेवाली घरी आली. ही आमच्याकडे मळके कपडे वजन करून घेते, म्हणून काटेवाली. वय तिशीच्या आत, बोलणं तापलेल्या तव्यासारखं. युनियन काढलीय म्हणे. अर्ध्याहून जास्त बायका आल्यात.

"ताई, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही कमिटीत हव्यात."

मी म्हटलं, "मला युनियन आवडत नाही."

"आवडायची गरज नाही. हजर राहायचं."

युनियन मला का आवडत नाही, हे तिला सांगितलं नाही. हे आतल्या खोलीत बसले होते, ऐकत होते. ह्यांचा बाटल्यांचा कारखाना. हे तिथले फिटर आणि युनियनचे पक्के माणूस. सहा वर्षांपूर्वी संप झाला. लांबला. मी रोज म्हणायची, अहो, जा आत, काही लोक जातायत. हे म्हणायचे, तेवढं सोडून काहीही सांग. शेवटी मालकानं कारखाना विकला. नव्या मालकानं तिथे गोदाम केलं. तेव्हापासून मी एकटीच कामावर आणि हे घरी. स्वयंपाक छान करायला लागलेत. त्याबद्दल कुणी कौतुक केलं की उठून जातात.

काटेवाली गेल्यावर म्हणाले, "पोरगी चांगली बोलते."

मी म्हटलं, "तुमचा अध्यक्षही चांगला बोलायचा."

जेवायला बसलो. सासूबाईंनी दोनदा मीठ मागितलं, तेवढंच.

बुधवार, १३ मार्च

कमिटीत गेले. आवडलं म्हणून नाही. आज शिट्टी माझ्याकडे एक कागद घेऊन आला होता — आक्का कामात गप्पा मारत होती, असं लिहिलेलं. "सही करा बाई, पुढच्या महिन्यापासून तुम्हाला घडीच्या टेबलावर बसून काम." बसून! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी बसा म्हटलं.

सही केली नाही. सरळ काटेवालीकडे गेले. आता कमिटीत आम्ही पाच.

मागण्या तीन. सगळ्या रोलरना दांडे. आक्काला भरपाई आणि झेपेल असं काम. शिट्टीला काढा.

सोमवार, १८ मार्च

संप सुरू. गेटासमोर सतरंज्या. घोषणा कुणालाच धड येत नाहीत. काटेवाली अर्धी म्हणते, उरलेली अर्धी आम्ही प्रत्येकी वेगळी म्हणतो.

फलकावर आक्काचा मोठा फोटो. कुणाच्या तरी लग्नातला, हसरा. हात दिसत नाहीत त्यात.

शनिवार, २३ मार्च

आक्काकडे गेले. तिच्या वॉर्डात चार दिवस चादर बदलली नाही. आमचा संप यशस्वी आहे.

आक्का म्हणाली, "मला विचारलंत का कुणी, संप करू का म्हणून?"

म्हटलं, "तुझ्यासाठीच चाललंय."

"ते कळलं गं. पण विचारायचं. आणि फोटो तरी बरा लावायचा." मग — "किती जणी बसतात?"

"सगळ्या."

"ती उंदीरवाली पण?"

"ती सगळ्यांत आधी येते."

आक्कानं डाव्या हातानं डोळे पुसले. सवय नाही अजून, गालच पुसला गेला.

गुरुवार, २८ मार्च

सकाळी गेटावर कंपनीची व्हॅन आली. आत बाहेरून आणलेली माणसं, सगळे पुरुष, तोंडाला मास्क. आम्ही वाट अडवून बसलो. व्हॅन थांबली. बायका ओरडायला लागल्या — पोटावर पाय देणारे, लाज वाटू द्या, वगैरे. मीही ओरडत होते. ह्या वेळी घोषणा एका सुरात लागली होती.

आतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. एकानं नाही. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आधी डावी काच, मग उजवी, आणि परत लावला.

माझी घोषणा तोंडातच राहिली. तो शर्ट परवा मी वाळत घातला होता.

पोलिसांनी वाट करून दिली. व्हॅन आत गेली. काटेवाली म्हणाली, "ताई, पाणी प्या, घसा बसला तुमचा."

त्याच दिवशी, संध्याकाळी

हे माझ्या आधी घरी आले होते. हातपाय धुऊन कणीक मळत होते.

मी म्हटलं, "का?"

"काम होतं म्हणून."

"माझ्या गेटातून?"

"दुसरं कुठलं गेट उघडं नव्हतं." कणीक मळतच होते. "आमच्या वेळी आम्ही सगळे एक राहिलो. एकदमच सगळे घरी बसलो."

"तेव्हा मी जा म्हणत होते —"

"तेव्हा जाणं चूक होतं."

"आणि आता?"

"आताही चूकच आहे. पण आता मी बावन्न वर्षांचा आहे. पुन्हा कुणी बोलावणार नाही."

सहा वर्षांत एवढं सलग बोलले नव्हते. मी भांडायला तयार होऊन आले होते, सगळी वाक्यं वाटेतच जुळवली होती. मग विचारलं, "कुठे लावलं तुम्हाला?"

"दोन नंबरच्या रोलरवर. डावीकडे."

माझी जागा! सासूबाई म्हणाल्या, दोघं घरात आहात तर दिवा तरी लावा.

शुक्रवार, २९ मार्च

पहाटेच उठवलं त्यांना. गादीवरची चादर काढली, ओली करून पिळली. जेवायच्या टेबलाची कड म्हणजे रोलर. सासूबाईंना उजव्या टोकाला उभं केलं.

"बोटं कडेला. अशी. मधे कधी न्यायची नाहीत. चुणी पडली तर पडू द्या."

"चादर वेडीवाकडी गेली तर?"

"जाऊ दे. चादर गेली तर दुसरी चादर आहे."

पुन्हा पुन्हा करून घेतलं. सासूबाई दमल्या पण टोक सोडलं नाही. म्हणाल्या, हे असलं काम करतेस होय तू इतकी वर्षं?

"आणि दांडा?" ह्यांनी विचारलं.

"वर बांधलेला आहे."

"का बांधलाय? बघतो."

"काही बघू नका! बोटं तेवढी बघा."

मग त्यांना व्हॅन गाठायची होती, मला सतरंजी. पाचेक मिनिटांच्या अंतरानं निघालो. कमिटीतली बाई संप फोडणाऱ्याला काम शिकवते. हे कुठे सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

मंगळवार, २ एप्रिल

काटेवाली बैठकीत म्हणाली, "पहिल्या दिवशी आत नुसता गोंधळ होता. आता चादरी सरळ निघतायत. आत कुणीतरी ह्यांना शिकवतंय!"

सगळ्या म्हणाल्या, शिट्टीच असणार. मीही मान हलवली.

शनिवार, ६ एप्रिल

शेजारीण सासूबाईंना विचारत होती, हल्ली दोघंही सकाळी निघतात, काय चाललंय? सासूबाई म्हणाल्या, "दोघंही एकाच ठिकाणी कामाला आहेत." खोटं काय त्यात!

हे आता जेवणावरून उठल्या उठल्या झोपतात, दमलेल्या माणसासारखे. चालताना पाठ ताठ झालीय. काल आरशासमोर उभे राहून भांग पाडत होते. मला राग यायला हवा. येतो पण. चपात्या मात्र आता मला कराव्या लागतात.

आज सांगत होते, दांड्याची स्प्रिंग ढिली होती, म्हणून उगाच थांबायचा. नवी बसवली, तार काढून टाकली. शिट्टीनं परत तार बांधली. ह्यांनी परत सोडली. असं तीनदा. शेवटी मालक स्वतः बघायला आले. चादरी पूर्वीइतक्याच निघतायत म्हटल्यावर दांडा तसाच मोकळा ठेवून गेले. मग एक नंबर आणि तीन नंबरचीही स्प्रिंग ह्यांनीच बदलली.

मी ऐकून घेतलं. आम्ही तीन आठवडे उन्हात ज्यासाठी बसलोय, ते ह्यांनी पाना घेऊन केलं.

पण आक्काच्या नावानं आत कुणी चकार शब्द काढला नाही. तो पान्यानं निघत नाही. हेही लिहून ठेवते.

बुधवार, १० एप्रिल

मालक बोलायला बसले. हॉस्पिटलवाल्यांनी दम दिलाय म्हणे — पुरुषांना रोलर जमतो, पण डाग वेगळे करणं, घड्या, मोजणी, सगळं आमच्याशिवाय अडलंय.

दांड्याची मागणी लगेच मान्य. काटेवालीनं माझा हात दाबला. "बघितलंत? वाकला!" मी कागदावरची पहिली मागणी खोडली.

आक्काची भरपाई दुपारपर्यंत ताणली. काटेवालीनं टेबलावर आक्काचा दुसरा फोटो ठेवला, हॉस्पिटलमधला. ह्या वेळी आक्काला विचारून. मालकांनी तो उलटा केला. काटेवालीनं सुलटा केला. शेवटी मान्य. घडीच्या टेबलावर कामही. मी एकटीनं कितीही बटणं दाबली असती तरी हे झालं नसतं.

शिट्टीला काढायचं, मान्य. जरा जास्तच पटकन.

मग काटेवालीनं चौथी मागणी काढली. संपात भरलेले सगळे कामगार कमी करायचे.

मी म्हटलं, "ही आधी ठरली नव्हती."

"ठरायला कशाला हवी, ताई?"

"तेही पोटासाठीच आलेत."

"आपल्या पोटावर पाय देऊन! त्यांना ठेवलं तर पुढच्या वेळी गेटावर कोण बसेल?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या भावाला मी सांगितलं होतं, व्हॅनमध्ये दिसलास तर तोंड बघणार नाही. तो नाही आला. दोघं घरात उपाशी बसलो, पण नाही आला."

ती बरोबर आहे, हीच अडचण. उद्या पाच सह्या.

गुरुवार, ११ एप्रिल

सही केली. पाचवी माझी.

काटेवालीनं मिठी मारली. बायका नाचल्या. आक्काला फोन लावून दिला. ती म्हणाली, "सतरंज्या झटकून द्या गं परत."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. सही माझी आहे, हेही. हे खिडकीपाशी उभे होते. म्हणाले, "मी तिथे असतो तर मीही केली असती." मग चष्मा काढून पुसायला लागले.

शुक्रवार, १२ एप्रिल

मालकांनी शब्द पाळला. व्हॅनमधले सगळे कामगार आज कमी केले. सुपरवायझर कामगारांत मोडत नाही. शिट्टीची जागा मालकांनी कालच भरली होती, ह्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

हे म्हणाले, "उद्या वेळेवर ये."