घटलेल्या विश्वकिरणांबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
वैज्ञानिक उपकरणे निर्लेखन कक्ष,
द्वारका, नाशिक.

अर्जदार : कु. निकिता नाथा लहांगे, एम.एस्सी. (भौतिकशास्त्र), माजी प्रकल्प सहायक (कंत्राटी), घाटमाथा विश्वकिरण गणना केंद्र, ता. इगतपुरी, जि. नाशिक.

विषय : गणना केंद्रातील यंत्र व त्याच्या छापील पट्ट्या भंगारात न काढणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा निर्लेखन आदेश, दि. ३ ऑक्टोबर २०२५.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
३) त्यांपैकी एका अर्जास मिळालेले आपले उत्तर, दि. १४ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

अर्जदार सविनय निवेदन करते की,

१. आकाशगंगेत दूरवर कुठेतरी फुटलेल्या ताऱ्यांतून अतिवेगवान कण निघतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. सूर्य आपल्या चहूबाजूंना सतत वारा फेकत असतो आणि त्या वाऱ्याचा एक प्रचंड फुगा सगळ्या ग्रहांना वेढून आहे. बाहेरून येणारे बरेचसे किरण हा फुगा अडवतो. सूर्य खवळला की जास्त अडतात, शांत झाला की जास्त आत येतात. व्हॉयेजर नावाची दोन याने या फुग्याच्या कडेपलीकडे गेली आहेत, पहिले २०१२ मध्ये व दुसरे २०१८ मध्ये. बाहेर किरण किती आहेत ते ती सांगतात. आत घाटमाथ्यापर्यंत त्यांचा किती परिणाम पोहोचतो, ते आपले यंत्र जानेवारी २०१४ पासून दर तासाला मोजते आणि कागदाच्या पट्टीवर छापते. (याने व आपले यंत्र वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण पाहतात, त्यामुळे दोन आकड्यांची सरळ वजाबाकी होत नाही. ही गोष्ट अर्जदाराने चौथ्या अर्जात चार पानांत मांडली होती. त्या पानांची पोच मिळालेली नाही.)

२. सन २०२० मध्ये सूर्य अगदी शांत होता. त्या वर्षी यंत्राची तासाची सरासरी संख्या साठ हजार आली, आजवरची सर्वांत मोठी. पुढच्या वर्षी केंद्राकडून मागवल्या जाणाऱ्या मासिक तक्त्यात 'उद्दिष्ट', 'साध्य' व 'टक्केवारी' असे तीन रकाने नव्याने आले. उद्दिष्टाच्या रकान्यात काय लिहावे असे केंद्राने विचारले असता, गतवर्षीचे सर्वोच्च साध्य लिहावे असे उत्तर आले. तेव्हापासून साठ हजार हे उद्दिष्ट आहे. सूर्य २०२१ पासून पुन्हा खवळू लागला. साध्य नव्व्याण्णव टक्क्यांवर आले, मग अठ्ठ्याण्णववर. मे २०२२ मध्ये केंद्राचे निरीक्षक श्री. यादव भाऊ गभाले यांना 'कामगिरीतील सातत्यपूर्ण घसरणीबाबत' कारणे दाखवा नोटीस आली.

३. श्री. गभाले यांना गावात सगळे यादवमामा म्हणतात. ते बारावीपर्यंत शिकलेले आहेत. यंत्राची नळी, तिच्याभोवतीचे शिसे, छपरावर पाणी साचले तर संख्या किती खाली येते, हे त्यांना अर्जदारापेक्षा जास्त कळते. पावसाळ्यात छपरावर ताडपत्री ताणून ते दर दोन तासांनी पाणी ढकलत. त्या नोटिशीला त्यांनी दीड पान उत्तर लिहिले. सूर्याच्या तापटपणामुळे किरण कमी येतात, यात निरीक्षकाचा दोष नाही, असे त्यात होते. त्यावर आपल्या कक्षाचा शेरा आला : 'खुलासा असमाधानकारक. त्रयस्थावर जबाबदारी ढकलू नये.'

४. यानंतर जून २०२२ ते जुलै २०२४, म्हणजे मामा निवृत्त होईपर्यंत, सव्वीस महिने नोंदवहीत तासाची संख्या साठ हजार आहे. कधी साठ हजार बारा, कधी एकोणसाठ हजार नऊशे ऐंशी. टक्केवारी शंभर.

५. अर्जदार ऑगस्ट २०२४ मध्ये रुजू झाली. नोंदवही पाहून तिला आधी आनंद झाला की इतके स्थिर यंत्र देशात नसेल. मग ती दसऱ्यावर आली. आपल्या भागात दसऱ्याला यंत्र बंद ठेवून त्याची पूजा करतात. केंद्रातही दरवर्षी सकाळी आठ ते अकरा यंत्र बंद असे. मामा त्याला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत, आणि २०१४ ते २०२१ या प्रत्येक वर्षी नोंदवहीत त्या तीन तासांपुढे 'पूजेनिमित्त बंद' असे सुवाच्य अक्षरात लिहीत. दि. २४ ऑक्टोबर २०२३ च्या दसऱ्याला छापील पट्टी त्या तीन तासांत कोरी आहे. नोंदवहीत तिन्ही तासांपुढे साठ हजार आहेत. अर्जदाराने मग दि. १० व ११ मे २०२४ पाहिले. त्या दोन दिवसांत सूर्यावरून मोठे वादळ आले होते. पट्टीवर संख्या काही तासांत पावणेदोन हजारांनी कोसळलेली आहे. नोंदवहीत वादळ आलेच नाही.

६. अर्जदार मामांच्या घरी गेली. मामा अंगणात नागलीची कणसे वाळत घालत होते. अर्जदाराने वही पुढे ठेवली. त्यांचे बोलणे त्यांच्या संमतीने जसेच्या तसे देत आहे : "पोरी, संख्या कमी दिसली का ते मशीन उचलून नेणार, हे मला दिसत व्हतं. मशीन राह्यलं तर पुढं कोनी शिकलेलं येईल, खरं मोजील. म्हनून मी आकडे सांभाळले. पन पट्टी एक बी फाडली नाय. समद्या पेट्यांत हायेत, तारखेनं." अर्जदाराने त्यांना विचारले, पूजेच्या तासांचे आकडे तरी का भरले. तर ते म्हणाले, "तीन तास शून्य लिवले तर टक्का पडतो ना बाई." त्यांच्या पत्नी फुलाबाई चहा घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, "जलमभर खोटं बोलला नाय हा मानूस. बोलला तर सूर्यासाठी बोलला." यावर मामा हसले नाहीत.

७. अर्जदाराने ऑगस्ट २०२४ पासूनची खरी संख्या पाठवली. साध्य एकदम शंभरावरून शहाण्णव टक्क्यांवर आले. मामांनी जे टाळण्यासाठी सव्वीस महिने खर्ची घातले, ते अर्जदाराच्या पहिल्याच तक्त्याने घडले. संदर्भ क्र. १ च्या आदेशात कारण दिले आहे : 'नवीन कर्मचारी रुजू झाल्यानंतर यंत्राची कार्यक्षमता अचानक घटली. यंत्र नादुरुस्त.' दुसरीकडे, जगभरच्या अशा केंद्रांची माहिती जिथे एकत्र ठेवतात, त्या संग्रहाने कळवले की आपल्या सव्वीस महिन्यांच्या आकड्यांत सूर्य कुठेच दिसत नाही. मूळ पट्ट्यांच्या प्रती दि. ३१ डिसेंबरपर्यंत न आल्यास केंद्राची सर्व बारा वर्षे वगळली जातील. अर्जदाराचे म्हणणे एवढेच आहे की खरे आकडे पाठवल्यामुळे आपण यंत्र काढत आहात आणि खोट्या आकड्यांमुळे तो संग्रह यंत्राला वगळत आहे, आणि या दोन्हींवर एकच उपाय आहे, तो पट्ट्यांच्या पेट्यांत आहे.

८. संदर्भ क्र. ३ च्या उत्तरात आपण कळवले आहे की, 'सदर किरण राज्याच्या हद्दीबाहेर, किंबहुना सूर्याच्या हद्दीबाहेर उत्पन्न होत असल्याने त्यांच्या घट-वाढीची शहानिशा या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. तथापि घट सूर्यामुळे झाल्याचा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला जोडल्यास विचार करता येईल.' अर्जदार आपल्या कार्यालयात सहा वेळा आली. आवक-जावकच्या मंजुषाताई आता तिला नावाने ओळखतात. त्या म्हणाल्या, "निकिता, सक्षम प्राधिकारी कोण ते आम्हालाही माहीत नाही गं. साहेबांनी लिहिलंय म्हणजे असेल कोणीतरी. तू सूर्याचंच पत्र आण, मी आवक नंबर टाकते." अर्जदाराने तीन विद्यापीठांतील प्राध्यापकांची पत्रे जोडली होती. ती 'व्यक्तिगत मत' म्हणून परत आली.

९. दि. १८ नोव्हेंबर रोजी पट्ट्यांच्या खोलीला सील लागले. यादीत त्या 'जुन्या छापील पट्ट्या (रद्दी कागद), २१२ किलो' अशा आहेत. हा कागद उष्णतेने छापला जाणारा असल्याने त्यावरील अक्षरे आपोआप फिकी होतात. २०१४ व २०१५ च्या पट्ट्या आताच भिंगाखाली वाचाव्या लागतात. अर्जदाराने सील लागेपर्यंत जून २०२२ ते मार्च २०२३ चे फोटो काढले होते, शिवाय दसरा व मे २०२४ चे ते मोजके दिवस. उरलेले आत आहे. भंगार घेणारे श्री. लखन यांना अर्जदार भेटली. ते म्हणाले, "ताई, मला शिशाशी मतलब. तुमचे कागद मी आजच देतो. पण यादीत दोनशे बारा लिहिलंय, एकशे नव्वद भरले तर चोर मी ठरतो." तेव्हा अर्जदाराने गावात दोनशे बारा किलो रद्दी जमवली. सरपंच आक्काबाईंनी ग्रामपंचायतीची जुनी परिपत्रके दिली, शाळेने उत्तरपत्रिका दिल्या, फुलाबाईंनी घरातली तीस वर्षांची कॅलेंडरे दिली. पिकअपमध्ये भरून ती द्वारकेला आणली, काट्यावर तोलली, दोनशे चौदा भरली. पट्ट्यांच्या बदल्यात हे घ्यावे, असा अर्ज केला. त्यावर शेरा : 'यादीत छापील पट्ट्या नमूद असून कॅलेंडरे ग्राह्य धरता येत नाहीत.' रद्दी अजून आपल्या कार्यालयाच्या जिन्याखाली आहे. ती अडचणीची होत असल्याबद्दल अर्जदारास तोंडी समज मिळाली आहे.

१०. पहिल्या व्हॉयेजरवरील विश्वकिरण मोजणारे मुख्य उपकरण वीज वाचवण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आले. अर्जदार हे आपल्या कक्षाच्या बाजूचा दाखला म्हणून देत नाही. ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे, त्याची वीज संपत आली आहे आणि पुन्हा कोणी तिथे जाऊन ती भरू शकत नाही. घाटमाथ्याचे केंद्र इगतपुरी स्टेशनपासून रिक्षाने पंचवीस मिनिटांवर आहे आणि तिथे वीज आहे.

११. वरील परिस्थितीत अर्जदाराची विनंती अशी :

(अ) यंत्र सूर्याच्या पुढील शांत काळापर्यंत, म्हणजे साधारण २०३१ पर्यंत, चालू ठेवावे. अर्जदार विनावेतन नोंद घेईल. ही विनंती मान्य होणार नाही याची तिला जाणीव आहे.

(आ) ते शक्य नसल्यास दि. १५ डिसेंबरला माल उचलण्यापूर्वी पट्ट्यांची खोली दोन दिवस उघडावी. अर्जदार व तिची मैत्रीण पूजा फोटो काढतील. कागद जागचा हलणार नाही, वजनात ग्रॅमचाही फरक पडणार नाही. ही विनंती मंजुषाताईंच्या मते 'साहेब रजेवरून आल्यावर' विचारात येईल. साहेब दि. १९ ला येणार आहेत.

(इ) खोट्या नोंदींबाबत कार्यवाही करायची असल्यास ती अर्जदारावर करावी. तिने त्या उघड केल्या नसत्या तर कोणालाही कळल्या नसत्या. मामांनी यास हरकत घेतली असून त्यांचे सहीचे पत्र सोबत आहे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे ते आपण ठरवावे.

(ई) यांपैकी काहीच होणार नसेल, तर निर्लेखन नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'यंत्र नादुरुस्त' ऐवजी 'यंत्र चालू स्थितीत असताना काढले' एवढे लिहावे. यास कोणाच्याही दाखल्याची गरज नाही, कोणीही येऊन पाहू शकते. उद्या कोणाला या केंद्राची एखादी पट्टी, एखादा फोटो कुठे सापडला, आणि २०२१ पासून संख्या उतरत गेलेली दिसली, तर तो आपली नोंदवही पाहील. तिथे नादुरुस्त लिहिलेले असेल तर तो ती पट्टी बाजूला ठेवून देईल आणि त्याचे बरोबरच असेल. मग बारा वर्षे कोणी काही मोजले नव्हते असे होईल.

अर्जदाराकडे आता केंद्राची किल्ली नाही. ती खिडकीबाहेरून यंत्राच्या पुढच्या भागावरील आकडा वाचते. आज सकाळी नऊ ते दहा या तासाची संख्या ५७,६०४ आहे. ती उद्दिष्टापेक्षा कमी आहे. ती बरोबर आहे.

आपल्या कार्यालयाच्या बाकावर सातव्यांदा बसलेली,
नम्र अर्जदार,

(सही)
निकिता नाथा लहांगे
नाशिक, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत :
१) नोंदवही व पट्टी यांची शेजारी शेजारी छायाचित्रे, दि. २४ ऑक्टोबर २०२३ व दि. १०–११ मे २०२४.
२) श्री. यादव भाऊ गभाले यांचे पत्र, 'दोष माझा, मुलीचा नाही'.
३) प्राध्यापकांची परत आलेली पत्रे (तीन).
४) काट्याची पावती, २१४ किलो.