चाळिसावं चुंबक

बुधवार, ३ सप्टेंबर. सकाळी ७.१०

आजवर स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: चुंबकाने ओढायची गाडी, लांबी साडेचौदा सेंटिमीटर, चाकं बाटलीच्या बुचांची. मासे धरायचा गळ आणि पुठ्ठ्याचे बारा मासे, प्रत्येकाच्या पोटात वॉशर. चक्रव्यूह, खालून चुंबक फिरवलं की वर पत्र्याची मुंगी चालते. हे सगळं ठेवायला लाकडी पेटी. बिजागरीसुद्धा मीच केलेली.

शिकवलं कोणी? कोणीच नाही. बत्तीस वर्षं फाटके लाऊडस्पीकर दुरुस्त करतोय, प्रत्येकाच्या पोटात चुंबक असतं. कॉलेजवाल्यांनी ते पुस्तकात पाहिलं. मी बोटं चेंगरून घेतली.

हिच्या बालवाडीत बारा तारखेला मोकळा वर्ग. पालक आणि समिती मागे बसून बघणार. विषय: चुंबकाशी खेळ. ही तिथे अकरा वर्षं हंगामी बाई. वर्ग चांगला झाला तर कायम करू, असं मोठ्या बाईंनी सांगितलंय. हिने माझ्याकडे गाडी आणि गळ मागितला. मी म्हणालो, वस्तू नुसत्या जात नाहीत, सोबत कारागीरही येतो. ही बराच वेळ भाजी निवडत राहिली.

होकारच तो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

माझं भाषण तयार. चुंबकाचा इतिहास, पंचवीस मिनिटं. ही म्हणाली, अहो, चार वर्षांची मुलं चार मिनिटं बसत नाहीत. मी हट्टी नाही. एकोणीसवर आणलं.

सोमवार, ८ सप्टेंबर. दुपारी

वर्गात तालीम. मुलं मला चिकट आजोबा म्हणतात. वय त्रेपन्न, आजोबा कसला? पण आदर आहे.

दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, चुंबक आईला का चिकटत नाही. नऊ मिनिटं समजावलं. तिसऱ्या मिनिटाला ती शूला गेली. उत्तर पूर्ण केलं. अर्धवट काही सोडत नाही मी.

निरीक्षण: माशांचा खेळ मुलांना आवडतो, पण समितीवर छाप पडायची तर शेवट दणक्यात हवा. जुन्या इअरफोनमधून छोटी चुंबकं काढली. चाळीस. शर्टाच्या बटणाएवढी, पण ताकद राक्षसाची.

हिने पाहिली आणि पोळी तव्यावर करपली. म्हणाली, मुठीत मावेल अशी वस्तू वर्गात न्यायची नाही, हा नियम आहे. दोन पोटात गेली तर आतड्याला आतडं चिकटतं. मी म्हणालो, हे तू मला सांगतेस? चाळीस देणार, चाळीस परत घेणार. मोजणी येते मला. हिने हात जोडले. एवढं ऐका, माझी अकरा वर्षं आहेत, म्हणाली.

ऐकलं म्हणालो. ऐकलं म्हणजे मानलं असं नव्हे. भाषेतही काटेकोरपणा हवा.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. सकाळी ६.३०

चाळीस. तीनदा मोजली. पेटीच्या चोरकप्प्यात. ही देवासमोर उभी आहे. घाबरट.

त्याच दिवशी, दुपारी ४.२०

काटेकोर लिहितो, पुढे वाद नको.

आधी हिचा भाग. मासे, गाडी, मुंगी. मुलं खिदळली, समितीतल्या एकाने टाळ्या वाजवल्या, मोठ्या बाई मान डोलावत होत्या. किरकोळ यश. ही आभार मानायला उठली, तेवढ्यात मी पुढे झालो. हिने माझी बाही धरली. सोडवून घेतली.

भाषण सहा मिनिटं चाललं. मग चोरकप्पा. तेवीस मुलं तुटून पडली. हे खरं कुतूहल. ही गुडघ्यांवर बसून मुलांच्या मुठी उघडत होती, त्यामुळे प्रयोगात व्यत्यय आला.

परत घेतली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीस. प्रामाणिक माणूस आहे, मोठ्याने जाहीर केलं. एका आईने विचारलं, कुठे गेलं असेल. मी म्हणालो, बहुधा तोंडात, या वयात सगळं तोंडातच जातं. शास्त्रशुद्ध उत्तर. त्यावर एवढी रडारड करायचं कारण नव्हतं.

त्या गोंधळात दोन वेण्यांची मुलगी येऊन म्हणते, चिकट आजोबा, तुम्हाला मागे काहीतरी चिकटलंय. तोंडावर बोट ठेव म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं. तिच्या आईला सांगून तिला दूर न्यायला लावलं. विज्ञानात आगाऊपणा चालत नाही.

तेवीस मुलं दवाखान्यात. ही दोन्ही कडेवर एकेक घेऊन धावत होती. तेवीस एक्स-रे. कोणाच्याच पोटात काही नाही. डॉक्टरने विचारलं, चुंबकं कोणी दिली. मी हात वर केला. शिक्षण, असं विचारलं. स्वयंशिक्षित, म्हणालो. तो म्हणाला, दिसतंय.

बरं वाटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.४०

कपडे बदलताना पट्टा काढला. पट्ट्याला मागे माझा मोजमापाचा टेप असतो, पोलादी. टेपच्या पाठीवर चुंबक.

म्हणजे मोजणी अचूकच होती. चाळीस.

हिला सांगावं का, यावर विचार केला. एक्स-रे होऊन गेले, ते काही पुसता येत नाहीत. शिवाय ही लगेच काखेत कळसा वगैरे सुरू करेल. टेप काखेत नव्हता, कमरेला होता. सांगितलं नाही.

चुंबक पेटीत ठेवलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

हिला शाळेने येऊ नका म्हणून कळवलं. पालकांचं म्हणणं, चुंबक अजून वर्गात कुठेतरी आहे, आणि ज्या बाईने ते येऊ दिलं तिच्याकडे मुलं देणार नाही. मुलांनी काढलेली चित्रं ही सकाळपासून एका पिशवीत भरतेय. एका चित्रात मीही आहे, हात फार मोठे काढलेत. प्रमाण चुकलंय, असं दाखवून दिलं. ही पिशवी भरतच राहिली. अलीकडे हिचं कशात लक्ष नसतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर. सकाळी ११

मोठ्या बाई स्वतः घरी. सोबत टाइप केलेला कागद. मजकूर: ती चुंबकं मी बाईंना न विचारता आणली. हरवलेलं चुंबक माझ्या खिशात राहिलं होतं, ते घरी सापडलं. बाईंचा दोष नाही. खाली माझं नाव.

मोठ्या बाई म्हणाल्या, खरं काय ते देव जाणे, मला माहीतही करून घ्यायचं नाही. सही करा, पालक शांत होतील, उद्या हिच्या हातात कायमची ऑर्डर देते. ही पेन घेऊन आली. टोपण आधीच काढलेलं.

दोनदा वाचलं. खिशात. खिशात कधीच नव्हतं. असं बेजबाबदार विधान माझ्या नावाने? तसं सांगितलं. ही म्हणाली, माहितीये मला खोटं आहे ते, पण माझ्यासाठी करा, आयुष्यात एकदा. मी म्हणालो, खोट्या कागदावर मी सही करत नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

मोठ्या बाई चहा न घेता गेल्या. ही पेनाला टोपण लावत अजून तिथेच उभी आहे.

नोंद पुरी करतो. देऊ केलं: हिची कायम नोकरी, निवृत्तीपर्यंत. नाकारलं. रक्कम, दरमहा: सोळा हजार चारशे.