पाचव्या रेसचं भाकीत

प्रिय बुटक्या,

माझं अक्षर दिसलं म्हणून कागद लगेच चुरगळू नकोस. तुझा फोन सकाळपासून जॉकींच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद आहे आणि उद्याच्या रेसेस संपेपर्यंत तो कुणालाच मिळणार नाही, हा नियम मला ठाऊक आहे. तो तुझ्या खिशात होता तेव्हा तरी तू माझा फोन कुठे उचलत होतास म्हणा. म्हणून ही पत्राची उठाठेव. मी आयुष्यभर घोड्यांबद्दलच लिहीत आले, माणसांना काय लिहायचं असतं ते मला नीटसं जमत नाही, तेव्हा उलटसुलट झालं तर सांभाळून घे. पण शेवटपर्यंत वाच. आणि पाचव्या रेसला लाडोबावर बसण्याआधी वाच.

टेबलावर उद्याचं रेसकार्ड पसरलंय, शेजारी गार झालेला चहा, आणि आमच्या पेपरचे संपादक भाकितं कधी देताय म्हणून सारखे फोन करताहेत. वसंतातला हा एक दिवस माझ्यासारखीचा जीव काढतो, तुला माहीतच आहे. सगळे तीन वर्षांचे घोडे, म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेली पोरंच. कालपर्यंत छोट्या पल्ल्यावर पळत होते, ते उद्या पहिल्यांदा लांब पल्ल्याला उतरणार, आणि उन्हाळ्यातल्या मोठ्या रेसला कोण जाणार ते यावरूनच ठरणार. त्यांच्या जुन्या निकालांवरून उद्याचं सांगायचं म्हणजे शाळेतले मार्क बघून जावई निवडण्यासारखं आहे. तरी लोक विचारतात आणि मी सांगते. त्याचेच मला पैसे मिळतात.

पहिल्या रेसला मी चिडकीला पसंती दिली आहे. ती मोतद्दारांना चावते, गेटमध्ये उभी राहायला नखरे करते, पण शेजारी दुसरा घोडा आला की तिच्या अंगात येतं. शेजारच्याचं बरं बघवत नाही म्हणून पळणारी जात आहे ती, आणि लांब पल्ल्याला असलं खुनशी डोकं कामाला येतं. दुसऱ्या रेसमध्ये सगळे त्या काळ्याच्या मागे लागलेत. मागच्या खेपेला तो एकटाच पुढे सुटला आणि त्याला कुणी हटकलंच नाही, हे कुणी लक्षात घेत नाही. उद्या पुढे राहायची हौस असलेले आणखी दोघं त्यात आहेत. तिघं मिळून एकमेकांचा दम काढतील आणि मागून तो भुरा, ज्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही, निवांत येऊन रेस घेऊन जाईल. हे लिहिताना मला मजा आली, खोटं कशाला सांगू. तेवढा वेळ मी तुला विसरले होते. तिसऱ्या रेसपाशी आले आणि नुसती पेन चावत बसले. चौथीत तर काय लिहून दिलंय ते विचारशील तर मला सांगता यायचं नाही, कारण डोळे सारखे खाली पाचवीकडे जात होते.

पाचवीची जागा मी नेहमीसारखी कोरी सोडली आहे. तू ज्या रेसमध्ये असशील तिच्यावर मी लिहायचं नाही, हे तू जॉकी झालास तेव्हाच ठरलं आणि ते बरोबरच आहे. मी चांगलं लिहिलं तर आईने पोराचं कौतुक केलं, आणि वाईट लिहिलं नि तू हरलास तर मायलेकांनी मिळून रेस विकली. प्रेसमधली पोरं चिडवतात, काकूंचं आज पाचवीला मौन आहे म्हणून. मीही हसते त्यांच्याबरोबर. आज मात्र ते मौन माझ्या गळ्याशी आलंय आणि हसणाऱ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटतेय.

खरं तर लाडोबाबद्दल जे लिहायला नको होतं ते मी आधीच लिहून बसले आहे. सकाळच्या दौडींच्या वेळा टिपायचं काम माझं, तिथे तुझा घोडा आला म्हणून डोळे मिटून घेता येत नाहीत. मागच्या आठवड्यातली त्याची ती दौड आठव. मी स्टॉपवॉच दाबलं, आकडा पाहिला आणि माझा विश्वासच बसेना. या मोसमातली सगळ्यात वेगवान दौड, असं मी ठसठशीत छापून टाकलं. ते वाचून लोकांनी त्याला फेव्हरिट केलं आणि मालकांनी गावभर पाहुण्यांना आमंत्रणं धाडली. आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून अशी चूक होते. दौडीच्या शेवटी माझे डोळे घड्याळावर होते, घोड्याकडे मी पाहिलंच नाही.

नंतर दुसऱ्याच एका घोड्यासाठी त्या सकाळचं चित्रीकरण बघत बसले होते, तेव्हा त्यात लाडोबा दिसला. वळणावर घोड्याचा डावा पाय पुढे पडतो. सरळ रस्त्याला लागला की तो पाय बदलतो, उजवा पुढे घेतो आणि दमलेल्या डाव्याला आराम देतो. हे तुला मी सांगायला नको. लाडोबाने तो बदललाच नाही. तू लगामाने सुचवलंस, तेही मला दिसलं. त्याने कान मागे टाकले आणि डाव्यावरच रेटत पळाला. मी ते पुन्हापुन्हा पाहिलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहिलं. जो घोडा दमल्यावरही उजव्या पायावर यायला तयार नाही, त्याचा उजवा पाय दुखतोय. कुठे आणि किती, ते देव जाणे. आकडा खरा होता, बुटक्या. फक्त तो दुखणं सोसत पळणाऱ्या घोड्याचा होता.

त्याच दिवशी मी तुला फोन केला. पण सुरुवातच "तुझे बाबा आंधळे झालेत का" अशी केली, मग तू कशाला ऐकतोस. "तुला बाबांचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही. घर सोडून गेलीस, आता तबेलाही बुडव," असं म्हणून तू फोन ठेवलास. अरे, तबेल्यावरचं ते घर मी सोडलं ते तुझ्या बाबांशी एका छताखाली पटेना म्हणून. ट्रेनर म्हणून ते तयार करतात त्या घोड्यांशी, लाडोबाशी, माझं काय वाकडं असणार? मग मी घोड्यांच्या डॉक्टरांकडे गेले. भला माणूस, लगेच आला. लाडोबाला चालवून पाहिलं, दुडकीने पळवून पाहिलं, पाय चाचपून पाहिला. घोडा ठणठणीत. दुडकीत ते दिसतच नाही, भरधाव सुटून वळण संपल्यावरच दिसतं, असं मी परोपरीने सांगितलं. "काकू, आईचं काळीज आहे, समजतं मला," म्हणाले आणि मलाच पाण्याचा ग्लास दिला.

मला कशाची भीती वाटते ते आता स्पष्टच लिहिते, आडपडदा ठेवून काय करू. भरधाव घोड्याचा पाय मोडला की त्याला थांबता येत नाही. तो कोसळतो, पाठीवरचा त्याच्याही पुढे फेकला जातो, आणि मागून बाकीचे सगळे येत असतात. स्टँडवर उभं राहून हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ज्याच्या घरी त्या दिवशी निरोप गेला, त्याच्या आईला मी ओळखत होते. ती अजून बाजारात भेटते आणि माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलते, दुसरं काही बोलत नाही. कालपासून मला तिचाच चेहरा दिसतोय. मला तिच्यासारखं व्हायचं नाही रे.

तू लहान असताना सोफ्याच्या हातावर मांड ठोकून बसायचास आणि बाबांचा पट्टा लगाम म्हणून धरायचास. मी चमचा तोंडासमोर धरून रेसचं वर्णन करायची, आणि बाबा रेसचे पंच, स्टुअर्ड होऊन, चाबूक जास्त वापरला म्हणून तुला मला पापा द्यायचा दंड करायचे. तू मुद्दाम उशांवर पडायचास आणि पुन्हा पुन्हा म्हणून ओरडायचास. तेव्हा आम्ही दोघं किती हसायचो! आता वाटतं, त्या वेळीच तो पट्टा काढून घेतला असता आणि तुला तबला नाहीतर चित्रकला असलं काहीतरी शिकायला घातलं असतं तर माझ्या बापाचं काय गेलं असतं?

आता खरी गोष्ट. हे पत्र लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. माझे सगळे उपाय संपले होते, उद्या रेसकोर्सकडे न फिरकता दार लावून बसायचं मी ठरवलं होतं. मघाशी दार वाजलं. दारात तुझे बाबा. मी इथे राहायला आल्यापासून ते हा जिना कधी चढले नव्हते. आत येऊन बसले नाहीत, टोपी हातात घेऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "तो पाय बदलत नाहीये. मलाही दिसलंय." मग मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, शेजारच्यांनी ऐकलंच आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. मालकांनी बजावलंय की उद्या लाडोबा उतरला नाही तर आपले सगळे घोडे दुसऱ्या ट्रेनरकडे जातील. डॉक्टरांनी पास केलेला घोडा कुठल्या तोंडाने मागे घ्यायचा, आणि ट्रेनरला ठाऊक असून त्याने दुखरा घोडा नोंदवला हे बाहेर आलं तर लायसन्स जाणार. "पोराच्या डोळ्यांत बघून माझ्या तोंडून निघत नाही. तू लिही," म्हणाले. तुझा बाप भित्रा आहे, बुटक्या. पण आला. तेव्हा आपण बाबांना तोंडघशी पाडतोय असं मनातसुद्धा आणू नकोस. उद्या गेटकडे जाताना सरळ पट्टा लागला की लाडोबाकडे उजवा पाय माग. दिला तर देव पावला, मग पळ आणि जिंक, मला वेडी म्हण. नाही दिला तर गेटपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना सांग की घोडा बरोबर नाही. तिथे मालकाचं चालत नाही आणि ट्रेनरचंही चालत नाही, फक्त पाठीवर बसलेल्याचं चालतं. लोक शिट्ट्या मारतील, जॉकी तुला आईचं कुकुलं बाळ म्हणतील, म्हणू देत. त्याआधी पॅडॉकमध्ये, रेसआधी घोडे फिरवतात तिथे, मालकांच्या देखत बाबा तुला वर चढवतील आणि पहिल्यापासून पुढे ठेव म्हणून मोठ्याने बजावतील. ते ऐकू नकोस. वाचून झालं की हे फाडून टाक. हा कागद जॉकींच्या खोलीत ये-जा करणाऱ्या खोगीरवाल्या काकांच्या हाती बाबाच देणार आहेत, त्यासाठीच बाहेर जिन्यात बसून राहिलेत, आणि "मी आलो होतो हे त्याला कळू देऊ नकोस," असं त्यांनी मला शपथ घालून सांगितलंय.

तुझीच, शपथ मोडणारी,
आई