पुरी फेरी

४ मार्च
प्रभूच्या कृपेने सान ओनोफ्रे या पठारावरच्या गावी सुखरूप पोहोचलो. येथील विद्यापीठात वर्षभर रेषीय बीजगणित आणि सदिश कलन शिकवायचे आहे. उतारवयात पुन्हा खडू हाती येईल असे वाटले नव्हते. घरमालकीण दोन्या बेनिग्ना यांनी शेंगदाण्याचे ऊन सूप वाढले आणि माझी दाढी पाहून म्हणाल्या, तुम्हाला पाद्री समजून पोरे गणित विचारायच्या आधी पापांची कबुलीच देऊन मोकळी होतील. पुष्कळ दिवसांनी हसलो. माझी पत्नी एउलालिया हयात असती, तर माझ्याहून मोठ्याने हसली असती.

७ मार्च
सायंकाळी सारे गाव चौकात फिरते. पण फेरी कोणी पुरी करीत नाही. तीन बाजू चालायच्या आणि आल्या वाटेने परतायचे. मी जपमाळ ओढीत चौथी बाजूही चाललो. माझा विद्यार्थी रुफिनो मागून धावत आला. "प्रोफे, मागं फिरा की. इथं कुणी पुरा वळसा घालत नाही. तुमच्या आधीचे प्रोफेही असेच हट्टी होते. शेवटी त्यांना स्वतःचं घर ओळखू येईना." गणित शिकूनही अंधश्रद्धा सुटत नाही, असे मी त्याला ऐकवले.

१५ मार्च
रोज फेरी पुरी करतो. आज प्रार्थनेत एक स्तोत्र आठवेना, बालपणापासून मुखोद्गत असलेले. काल दुसरे एक अडले होते. वय झाले, दुसरे काय.

२१ मार्च
वर्गात बंद वाटेवरचे संकलन शिकवले. क्षेत्रात भोवरा नसेल, तर फिरून मूळ जागी आलेल्याचे काही जात नाही, त्याला काही मिळतही नाही. भोवरा असेल, तर प्रत्येक फेरी काहीतरी घेते किंवा देते. आल्या वाटेने परतणाऱ्याची बेरीज मात्र नेहमी शून्य. हे सांगत फळ्यावर चौकोन काढला, आणि खडू हातातच राहिला. रुफिनो मान खाली घालून बसला होता.

घरी येऊन एउलालियाचे हसू आठवू लागलो. ओठ दिसतात. आवाज नाही.

२३ मार्च
दिशा उलटली की चिन्ह उलटते. गेलेले परत यायलाच हवे. दोन्या बेनिग्ना दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सेन्योर अन्सेल्मो, गेलं ते जाऊ द्या. उरलंय ते घेऊन गप घरात बसा." मी ऐकले नाही. उलटी फेरी पुरी केली.

एक लहान मुलगी मला बाबा म्हणून बिलगली होती, हे आठवले. आम्हाला मूल नव्हते.

२४ मार्च
पुन्हा उलटा गेलो. समुद्रकाठचे घर आठवते. कोणाचे? आधीच्या प्रोफेंचे? पत्नीचा चेहरा गेला— या मुलीचा राहिला. मागच्या पानावर माझ्याच अक्षरात 'एउलालिया' असे लिहिले आहे. वाचतो. कोणाही बाईचे नाव असावे, तसे.

२६ मार्च
प्रभो, स्तोत्रे घे. उरलेली सारी घे. ती दे— फक्त ती. पुन्हा चौकात जातो. थांबणार नाही, जोवर—

२७ मार्च
आली. हसू— तिचेच. शेवटी किंचित अडखळणारे. एउलालिया. चेहरा, आवाज, सारे. डोळे थांबत नाहीत.

आभार मानायला गुडघे टेकले. हात जोडले. ओठ उघडले, आणि— कोणाचे? ज्याला मी जन्मभर— ज्याचे नाव—