ग्रीकांची तालीम आणि इलाचं घड्याळ

१७ मार्च, सोमवार

आज पुन्हा इलाचं घड्याळ मनगटावर बांधून तळ्याभोवती चालून आले. ती वर केमिस्ट्री करत बसली होती. पीई, म्हणजे व्यायामाचा विषय, ऑनलाइन घेतला की शाळेत एक तास मोकळा होतो, तिथे एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीची, केमिस्ट्री बसते — अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमधल्या अर्ध्या देशी घरांचं हेच गणित. फक्त व्यायामाचा पुरावा म्हणून घड्याळ घालावं लागतं, छातीचे ठोके थेट कोचकडे जातात. मुलीने घालायचं ते मी घालते. शेजारच्या नेत्राचा नवरा तर मुलाचं घड्याळ घालून टेनिस खेळतो. मी निदान चालते.

माझ्या नवऱ्याला, केदारला, सांगितलेलं नाही. नागपूरला कबड्डी खेळलेला माणूस तो, घर डोक्यावर घेईल.

२५ मार्च, मंगळवार

इलाला वर्ल्ड हिस्टरीचा पेपर लिहायचाय. विषय काय, तर प्राचीन ग्रीकांचं शारीरिक शिक्षण! मला हसू आवरेना. तिला नाही आलं.

वाचून दाखवत होती. मुलं अंगाला तेल चोपडून, वर माती टाकून कुस्ती खेळायची, मग वाकड्या पट्टीने ते सगळं खरवडून काढायची. शेजारी पावा वाजवणारा ताल धरायचा. 'अगं, ही तर आपली तालीमच,' मी म्हटलं. आणि तिथेच मोठी माणसं तत्त्वज्ञानावर वाद घालत बसायची. 'सेम प्लेस, आई. अभ्यास अँड जिम.' स्पार्टात मुलीसुद्धा धावायच्या, कुस्ती खेळायच्या. हे सांगताना माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, त्यांना एपी नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

पाइनच्या झाडांचं पोलन, पिवळे पराग, उडायला लागलं. गाडी, डेक, सगळं हळद सांडल्यासारखं. तळ्याच्या चढावर धाप लागली, बाकावर बसले. छातीत काहीतरी उलटंपालटं झाल्यासारखं वाटलं. पोलनच असणार. ॲलर्जीची गोळी घेतली.

५ एप्रिल, शनिवार

इलाचा पेपर झाला. त्यातलं एक डोक्यातून जात नाही. कुस्ती शिकवणारा मास्तर काठी घेऊन समोर उभा राहायचा आणि मुलाचा श्वास, घाम, अंगाचा रंग बघायचा. त्यावरून ओळखायचा, त्याला किती झेपतंय ते. 'नो वॉच,' इला म्हणाली. 'ही जस्ट लुक्ड.'

मग एकदम — 'मला धावायचंय, आई. आय मीन इट.' मी म्हटलं, मे महिन्यातली एपीची परीक्षा होऊ दे, मग धाव हवी तेवढी. भांडलो.

७ एप्रिल, सोमवार

कोचचा फोन आला, तोही केदारला. दोन आठवडे इलाचे ठोके चालताना मध्येच अनियमित होताहेत, डॉक्टरला दाखवा म्हणे. केदार पांढराफटक होऊन घरी आला. इलाला सोफ्यावर आडवं केलं, जिना चढू देईना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

आता मी पकडली जाणार. चीटिंगचा शिक्का बसला की कॉलेजपर्यंत पाठ सोडत नाही. केदारला सांगून टाकावं? दोनदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा चहाचं विचारून परतले.

१० एप्रिल, गुरुवार

इलाचा ईसीजी अगदी नॉर्मल. डॉक्टर म्हणाली, मुलगी ठणठणीत आहे, पळवा तिला. केदारचे डोळे भरून आले. घड्याळच बिघडलंय, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. सुटले! येताना पेढे घेतले. इलाने पेढ्याला हात लावला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी इला माझ्याबरोबर तळ्यावर आली. घड्याळ घरी ठेवून. चढावर मी थांबले तर समोर येऊन उभी राहिली, नुसती बघत. मग म्हणाली, 'आई, घड्याळ बिघडलेलं नाहीये. दॅट वॉज युअर हार्ट.'

कोचला तिने दुपारीच सगळं लिहून टाकलंय. बाबाला डॉक्टरकडे माझी अपॉइंटमेंट घ्यायला लावलंय.

आणि मी काय विचारलं? 'मग तुझ्या ग्रेडचं काय?'

ती माझं मनगट धरून उभी राहिली.