दुबार, सबब रद्द

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि आईने कोंबून दिलेली औषधांची पिशवी. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी रस्त्यावर. कपाटाचं दार लावायला गुडघ्याचा धक्का द्यावा लागतो. घरमालकीणबाईंनी उंबऱ्यातच बजावलं की बाई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं, मग पुढचं बोलू. त्यांचे यजमान, म्हणजे आता माझे काका, पलीकडच्या खोलीत पलंगावर असतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. श्वासाचे स्नायू निकामी झाले, म्हणून गळ्यात नळी आणि उशाशी श्वास देणारं यंत्र. बोलता येत नाही, समोरच्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतात. माझ्या हातावर त्यांनी पहिला शब्द काढला, ‘कपाट’, आणि स्वतःच गालात हसले.

यंत्र आमच्याच कंपनीचं, जुनं मॉडेल. उद्यापासून मी तिथेच कामाला, हे कळल्यावर मावशींनी मला डोक्यावरच घ्यायचं बाकी ठेवलं.

बुधवार, ६ मार्च

काम समजलं. यंत्रात जी ऑपरेटिंग सिस्टीम चालते, तिचा गाभा म्हणजे कर्नल. तो तयार करताना शेकडो पर्याय ठरवावे लागतात, हे चालू, ते बंद. बारा वर्षांत ज्याला जे सुचलं ते त्याने घुसडलं, त्यामुळे एकाच कामाचे दोन-दोन पर्याय होऊन बसलेत. मी जोड्या शोधायच्या, एक ठेवायचा, एक उडवायचा, आणि खाली कारण लिहून आपलं नाव टाकायचं. कारणाचं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या पेन्सिलने शिकवलं, ‘दुबार, सबब रद्द.’ (त्याला सगळे पेन्सिल म्हणतात. तो उभा राहिला की का ते कळतं.) मला असलं काम मनापासून आवडतं. घरीही डब्यांची झाकणं मीच जुळवायचे.

मंगळवार, १२ मार्च

एकशे सोळा जोड्या निकालात काढल्या. आज एक गमतीची सापडली. दोन्ही पर्यायांचं वर्णन अगदी एकच, ‘वीज गेली की बॅटरीवर जा’. नावात एका अक्षराचा फरक. पेन्सिलला दाखवलं तर तो जरा घुटमळला, म्हणाला बाईंना विचार. आमच्या प्रमुख बाईंनी वर न बघताच सांगितलं, जुना काढ. काढला. शुक्रवारी नवी आवृत्ती सगळ्या यंत्रांवर आपोआप जाईल. बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. घरी येऊन काकांना सांगितलं, त्यांनी हातावर ‘शाब्बास’ काढलं. जोडाक्षर नीट उमटेपर्यंत तीनदा काढलं.

मंगळवार, १९ मार्च

ऑफिसात एक माणूस आला होता. बायकोचं यंत्र लेकरासारखं कडेवर घेऊन. वीज गेली, यंत्र थांबलं, घंटासुद्धा वाजली नाही, असं रिसेप्शनवरच्या मुलीला सांगत होता. तिने त्याला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, साहेब येतायत म्हणाली. एक वाजता पुन्हा पाणी. चार वाजता पुन्हा. मी निघाले तेव्हाही तो तसाच, यंत्र मांडीवर.

बायको कशी आहे असं विचारणार होते. तो म्हणाला, तिला उजेड आवडायचा.

गुरुवार, २१ मार्च

सापडलं. ते दोन पर्याय दुबार नव्हते. नवा फक्त नव्या यंत्रांना कळतो. जुनी यंत्रं जुन्याच नावाने विचारतात, आणि ते नाव मी उडवलंय. म्हणून ती बॅटरीकडे वळतच नाहीत. काही बिघडलंय हेही त्यांना कळत नाही.

धावत बाईंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना माहीत होतं. लोक जुनी यंत्रं सोडतच नाहीत गं, म्हणाल्या, आपण किती वर्षं सांभाळायची? मग अगदी मायेने विचारलं, खाली नाव कोणाचं आहे?

जागेवर येईपर्यंत माझा पासवर्ड बंद झाला होता. पेन्सिलने मान वर केली नाही.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी मावशींना सांगणारच होते. त्या काकांची दाढी करत होत्या. काका मुद्दाम मान वळवत होते, मावशी लटक्या रागाने ओरडत होत्या. कसं सांगू? माझी नोकरी, माझं नाव — वीज आहे तोवर काही होत नाही.

काकांनी हातावर विचारलं, ‘काय झालं?’ काही नाही म्हटलं.

सोमवारी सांगते.

सोमवार, २५ मार्च

दहाला वीज गेली. रस्ता खोदताना तार तोडली. यंत्र गप्प. मी केस विंचरत होते — मावशींची किंकाळी —

हाताने दाबायचा रबरी फुगा होता घरात. मावशींनी तो नळीला लावला, दाबत राहिल्या. काकांच्या ओठांना रंग आला. तेव्हा सांगितलं. सगळं. नावासकट.

त्या ओरडल्या नाहीत. फुगा माझ्या हातात दिला. माझा फोन उचलला. म्हणाल्या, “तू काढून घेतलास ना? आता तूच दे.” तुझ्या ऑफिसातून चालणारं यंत्र घेऊन येते म्हणाल्या. बाहेरून कुलूप लावलं.

तीन वाजता

वीज अजून नाही. डाव्या हाताने दाबतेय, उजव्याने लिहितेय. नाहीतर डोळे मिटतील. मिनिटाला पंधरा. खिडकी सहा पावलांवर. सहा जायला, सहा यायला. दोनदा गेले, ओरडले. खाली खोदकामाचा आवाज. कोणी वर बघितलं नाही. दुसऱ्यांदा आले तर काकांची नखं निळी — आता नाही जाणार.

मावशींना सोफ्यावर बसवलं असेल. पाणी दिलं असेल.

सव्वापाच

बोटं वळत नाहीत. कोपराने — काका बघतायत. सकाळचं सगळं ऐकलंय त्यांनी.

सहा वाजून गेले

काकांनी हात मागितला. तळव्यावर बोट. ब. स.

खाली बस, दमलीस, असं — की बस, पुरे आता —

विचारलं. पुन्हा तेच. ब. स.

कुठलं, काका — मान तरी हलवा —

मनगट धरलंय. फुग्यावरचं. एवढी ताकद कुठून — सोडा ना काका, दाबू द्या, मला दा