मी रांग बदलली

प्रिय आईस, गुनबोरचा नमस्कार.

मी मजेत आहे, गोथेनबर्गची थंडी बाधली नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रांगेत पुढे पाव घेऊन बाई पाळक उभी दिसली आणि माझे पाय आपसूक शेजारच्या, पुरुष पाळकाच्या रांगेकडे वळले. तिनं पाहिलं.

नंतर कॉफी तीच ओतत होती. म्हणाली, "ही तरी घ्याल ना माझ्या हातची?" मला मान वर करवेना.

आई, बाबांची प्रवचनं तू स्वयंपाकघरात बसून लिहून द्यायचीस. मला ठाऊक होतं. तरी तुझ्यादेखत मी त्यांनाच म्हणायचे, "बाबा, किती छान बोललात!"

रागाव हवं तर, पण उत्तर लिही.

तुझीच,
गुनबोर